आजोबांना एकच मुलगा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरीला नाही. सकाळी देवापुढे दिवा लावतो तेव्हासुद्धा हा विषय सोडून बाकी सगळं बोलतो — त्याला काय, ठाऊकच असणार. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून तुम्हाला सांगतो. आणि असलात ओळखीचे, तरी आता मागे फिरत नाही. बसा.

आधी माझं थोडं ऐका. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही — आणि खरं सांगू का, ते सांगायला मला आवडतं. मी भवानी पेठेतला. टॉवेलच्या कारखान्यात जन्मभर दिवाणजी होतो. हजेरी, चलनं, कामगारांची पत्रं, सगळं माझ्या हातचं. माझं अक्षर असं की मालक पाहुण्यांना माझं हजेरीबुक उघडून दाखवायचे. खोटं वाटत असेल तर पेठेत कुणालाही विचारा. आमचं घराणं विणकरांचं, तेलंगणातून आलेलं. घरात तेलुगू, ओट्यावर मराठी, कारखान्यात जी तोंडाला येईल ती. पण मला कुणी 'तुम्ही कुठले' म्हणून विचारलं तर मी 'सोलापूरचा' म्हणतो आणि पुढचं बोलणं बंद करतो. लई राग येतो मला त्या प्रश्नाचा.

का येतो, सांगतो. आमच्या लोकांची एक अडचण आहे, ती बाहेरच्याला पटकन कळत नाही. पोराला राखीव जागेवर प्रवेश पाहिजे तर जातीचा दाखला लागतो, आणि कायद्याने एक तारीख ठरवून दिली आहे, सदुसष्ट सालातली. त्या तारखेच्या आधीपासून तुमचं घराणं महाराष्ट्रात राहत होतं हे कागदावर दाखवा. दाखवता आलं नाही तर तुम्ही परप्रांतीय. जा तिकडे, तिकडून दाखला आणा. तिकडे गेलं की तिकडचे म्हणतात, तुमचं तर सगळं सोलापूरला. दोन-तीन पिढ्या ह्या गावात विणकाम केलं, माणसं इथल्याच स्मशानात गेली — आणि पोरगी बारावी झाली की टेबलापलीकडचा माणूस विचारतो, मूळ गाव कुठलं?

ह्या प्रश्नाला कागदाने उत्तर कसं द्यायचं, ते आमच्या गल्लीला मी शिकवलं. मी. वकील नाही, एजंट नाही, दहावी शिकलेला दिवाणजी. माझी पोरगी माधवी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिचं नाव सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या यादीत लागलं, तेव्हा मी तिच्या दाखल्याच्या मागे लागलो. माझ्या वडिलांनी लहानपणी तेलुगू शाळेत जेमतेम दोन वर्षं काढली होती, एवढंच मला माहीत होतं. त्या शाळेच्या माळ्यावर मी तीन दिवस बसलो. वाळवी लागलेली रजिस्टरं, धूळ, उन्हाळ्याचे दिवस, वर पत्रा. तिसऱ्या दिवशी दुपारी सापडली ती ओळ. वडिलांचं नाव, जात, पालक म्हणून आजोबांचं नाव, राहणार सोलापूर. सदुसष्टच्या कितीतरी आधीची. मी ते पान मांडीवर घेऊन रडलो. लाज कसली त्यात? तो उतारा हातात घेऊन मी पेठेतून चालत आलो तेव्हा मला वाटलं, आता ह्या गावात मला कोण काय विचारतंय बघू.

तिथून माझा ओटा म्हणजे जणू कचेरीच झाली. कुणाला उतारा कुठे मिळेल, कुणाच्या आजोबांचं नाव कुठल्या गिरणीच्या हजेरीत असेल, कुठला अर्ज कसा लिहायचा — मी सांगायचो. आणि वंशावळ तर मीच काढून द्यायचो. वंशावळ म्हणजे घराण्याचा नकाशा. वर आजोबा, खाली त्यांची मुलं, त्यांच्या खाली त्यांची. गेलेल्या माणसाच्या नावापुढे 'मयत'. फूटपट्टीने ओढलेल्या रेघा, एकसारख्या चौकटी, अर्जदाराचं नाव लाल शाईने. ती शपथेवर द्यायची असते, खाली सही करून. एक पै घेतली नाही कुणाकडून. त्या ओट्यावरून किती पोरं डॉक्टर झाली, मास्तर झाली, पोलिसात गेली. आणि माझा कागद कधी परत आला नाही. 'दिवाणजीचा कागद परत येत नाही' — हे लोक म्हणायचे, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

आता बघा — इतका वेळ मी माझं कौतुकच सांगत बसलो. मुद्द्याजवळ आलं की माणूस असाच लांबण लावतो.

मला एक चुलते होते. पेंटय्या. वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ. आमच्यात काकाला चिन्नाना म्हणतात, धाकटा बाप. आजोबा वडिलांना घेऊन सोलापूरला आले तेव्हा आजी आणि हा धाकटा मुलगा गावीच राहिले. आजी वारली, मग चिन्नाना आले. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. स्टेशनावर त्यांना आणायला मी गेलो होतो. एक पत्र्याची पेटी आणि डोक्याला टॉवेल. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. गावाकडे पत्र पाठवायचं असलं की मला समोर बसवायचे आणि सांगायचे. मी लिहायचो. लिहून झालं की कागद उलटासुलटा धरून बघायचे आणि गल्लीतल्या चार माणसांना दाखवून यायचे, आमच्या पोराचं अक्षर बघा म्हणून. कागदाची गोडी मला तिथून लागली. वडील सबंध दिवस मागावर, त्यांना कुठला वेळ होता?

चिन्नाना आले ते त्या तारखेनंतर आले. एवढंच. दोन वर्षांनी उशीर झाला त्यांना.

माधवीच्या वेळी अर्ज करायला गेलो तेव्हा रांगेत एक माणूस भेटला. जाणकार वाटला. म्हणाला, घरातलं एखादं माणूस मागाहून आलेलं असेल तर त्याचं नाव घालू नका, साहेब सगळं घराणंच मागाहून आलंय म्हणतील. त्याचं नाव मला माहीत नाही, परत कधी दिसलाही नाही. आणि मी — जो पुढे सगळ्या गल्लीला सांगत आलो की ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, नियम वाचा — मी घरी आलो, दार लावलं, फूटपट्टी घेतली आणि आजोबांच्या चौकटीखाली एकच रेघ ओढली. आजोबा, खाली वडील, खाली मी, खाली माधवी. चिन्नाना नाहीत. त्यांचा मुलगा अंबादास नाही. अंबादासची मुलगी सरिता नाही. खाली शपथ : वरील वंशावळ खरी व बरोबर आहे. सही. सुबक काढली होती हो. आजही डोळ्यांपुढे येते.

चिन्नाना तेव्हा दोन घरं सोडून राहत होते. संध्याकाळी माझ्याच ओट्यावर येऊन बसायचे.

दाखला मिळाला. मग त्याची पडताळणी लागली. पडताळणीत चौकशीला माणूस घरी येतो, शेजारीपाजारी विचारतो. कधी येईल सांगत नाहीत. मी रोज वाट बघत होतो, आणि त्याच दिवसांत चिन्नाना वारले. सकाळी चहा घेतला आणि आडवे झाले ते उठलेच नाहीत.

आमच्यात दहाव्या दिवशी भाऊबंदांनी केस द्यायचे असतात. गेलेल्या माणसापेक्षा लहान असलेले सगळे डोकं करतात. वडील आधीच गेले होते, त्यामुळे अंबादासच्या बरोबरीने मी पहिला. सगळी गल्ली बघत असते कोण कोण बसलं. तुमच्या लक्षात आलं ना? डोकं केलं तर चौकशीला येणारा माणूस विचारणार — कोण वारलं? काका? मग वंशावळीत काका कुठे आहेत?

मी केस दिले नाहीत. दहाव्याला कारखान्यात ऑर्डर आहे म्हणून सांगितलं आणि सकाळीच निघून गेलो. निघताना बायको दारात आली. विड्या वळायचं सूप हातात होतं. "चिन्नाना हायत की तुमचे. केस देनार न्हाई व्हय?" मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण ती परत ह्या विषयावर बोलली नाही. संध्याकाळी अंबादासकडे गेलो. त्याचं डोकं तुळतुळीत, माझे केस भांग पाडलेले. तो म्हणाला, "कारखान्यात काम असंल, आण्णा. चालतंय की." तो मला समजून घेत होता. ते मला अजून सहन होत नाही.

चौकशीवाला पुढे तीन आठवड्यांनी आला. शाळेचा उतारा पाहिला, चहा प्याला, पाव तासात गेला. भाऊबंदांचं नावसुद्धा काढलं नाही. मागाहून मी नियम नीट वाचले तेव्हा कळलं, चिन्नानांचं नाव लिहिलं असतं तरी काही बिघडत नव्हतं. आजोबा आधीपासून इथे होते, तेवढं पुरेसं होतं — माधवीला, आणि चिन्नानांच्या पोरानातवंडांनाही. म्हणजे मी उगाच पुसलं त्यांना. माधवीला पडताळणीचं प्रमाणपत्र मिळालं, गल्लीत पेढे वाटले. अंबादासची सरिता तेव्हा शाळेत होती, तिनेच ताट घेऊन घरोघर वाटले.

पण हा अर्धाच गुन्हा झाला. खरा पुढे आहे.

सरिता म्हणजे हुशार पोरगी. अक्षरं माझ्या ओट्यावर गिरवली तिने. मला पेद्दनाना म्हणायची, थोरला बाप. माधवीनंतर चार वर्षांनी ती बारावी झाली आणि तिला सरकारी कॉलेजात फार्मसीची जागा लागली. आमच्या दोन्ही घरांत मिळून आनंद झाला. मलाही झाला, विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. मग अंबादास कागद घेऊन माझ्याकडे आला. दुसऱ्या कुणाकडे जाईल तो? त्याचं काम तर माझ्या दृष्टीने अर्ध्या दिवसाचं होतं. वंशावळीत चिन्नाना दाखवायचे, माधवीचं प्रमाणपत्र जोडायचं, हे आमचे रक्ताचे म्हणून मी शपथेवर लिहून द्यायचं. संपलं.

मी म्हणालो, माझे डोळे आता चालत नाहीत रे, तू सेतू केंद्रातून करून घे. त्याच आठवड्यात समोरच्या घरची वंशावळ मी ओट्यावर बसून काढली. अंबादास येताजाता बघत होता.

त्याने कशीबशी एक वंशावळ करून घेतली. त्यात मी होतो, माधवी होती, सगळी होती. माधवीने आपल्या प्रमाणपत्राची झेरॉक्स पाठवून दिली होती, मला न विचारता. मला विचारायचं कारणच काय होतं तिला? पडताळणी समितीकडे एकाच घराण्याच्या दोन वंशावळी झाल्या. एकीत आजोबांना एक मुलगा, दुसरीत दोन. साहजिक चौकशी लागली. ह्या वेळी एक बाई आल्या, तरुण, शांत स्वभावाच्या. आधी शेजारी फिरून आल्या, मग माझ्या ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "शेजारचे म्हणतात, ते वारले तेव्हा तुम्ही केस दिले नव्हते. भाऊबंद असता तर दिले असते ना?"

शेजारी खोटं बोलले नव्हते. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. आणि त्या बाईंनी तर मला दार उघडून दिलं होतं. मी एवढंच म्हणायचं होतं की बाई, ते माझे सख्खे काका, मीच वंशावळ खोटी दिली. माधवीचं कॉलेज तोवर संपत आलं होतं. तिचं प्रमाणपत्र अडकलं असतं का? अडकलं असतं कदाचित. शाळेचा उतारा खरा होता, वाचलंही असतं. पण मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, त्या क्षणी माझ्या मनात माधवी नव्हती. माझ्या मनात आलं — दिवाणजीचा कागद परत आला म्हणतील. गल्लीत म्हणतील, कचेरीत म्हणतील. इतक्या वर्षांत पहिल्यांदा परत आला, आणि तो त्याच्या स्वतःच्या घरचा. पोरीची जागा एका पारड्यात आणि माझं नाव दुसऱ्यात, आणि मी माझं नाव उचललं.

"ते आमच्या गावचे," मी म्हणालो. "आडनाव एक, म्हणून काका म्हणायचो."

बाईंनी कागद पुढे केला. आधीचा माझा अर्ज त्यांनी फाइलीत पाहिला होता. म्हणाल्या, तुमचं अक्षर छान आहे, जबाब तुम्हीच लिहा. आणि मी लिहिला. समास सोडून, सरळ ओळींत, एकही खाडाखोड न करता. पेंटय्या हे माझ्या वडिलांचे भाऊ नव्हते. ज्या माणसाने माझं अक्षर गल्लीभर मिरवलं, त्याच्याबद्दल हे वाक्य मी त्याच अक्षरात लिहिलं. लिहून झाल्यावर पान एकदा लांब धरून पाहिलं — सवय आहे मला — आणि बरं वाटलं. हेसुद्धा सांगतो. अक्षर चांगलं आलं म्हणून बरं वाटलं.

सरिताचा दावा अवैध ठरला. जागा गेली. पुढे कोर्टात जायची अंबादासची ऐपत नव्हती आणि वाट दाखवणारा मी गप्प होतो.

आणखी एक. चौकशीच्या अहवालाची प्रत अर्जदाराला देतात. नियमच आहे तो, लोकांना मीच समजावून सांगायचो. म्हणजे माझा जबाब त्या घरात गेला. माझं अक्षर सरिताला ओळखू आलं नसेल? तिला? त्यावर तिने अक्षर गिरवलं होतं. अंबादास त्यानंतर ओट्यावर यायचा थोडा कमी झाला, बाकी काही नाही. भांडायला आला नाही. मी रोज तयारीत बसायचो, की येईल आणि शिव्या देईल. आला असता तर बरं झालं असतं, पण माझं बरं बघायची त्याला काय गरज होती?

आज माधवी पाटबंधारे खात्यात अभियंता आहे. तिच्या कामाचा मला अभिमान आहे, तो मी लपवणार नाही. सरिता अशोक चौकाकडच्या एका औषधाच्या दुकानात काम करते. भिंतीवर मालकाचा परवाना आहे, काचेच्या चौकटीत, त्याच्या फोटोसकट. ती काउंटरला उभी असते. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मी तिथूनच घेतो. जवळ दुसरी दुकानं आहेत, तरी तिथूनच. का जातो, मलाही नीट सांगता येत नाही. ती पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून देते, सकाळची कुठली, रात्रीची कुठली. "पेद्दनाना, सकाळची चुकवू नका," म्हणते. लोक तिला औषधाबद्दल विचारतात आणि ती मालकाला विचारून मग सांगते. बरेचदा मालकाच्या आधी तिला ठाऊक असतं, हे मी बघितलंय.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या छातीत दुखायला लागलं. माधवी बदलीच्या गावी. बायको घाबरून नुसती बसलेली. तिने फोन केला तो सरिताला. ती दुकानातून तशीच निघाली, रिक्षा आणली, मला दवाखान्यात नेलं. मी खाटेवर पडलो होतो आणि ती माझ्या बाजूलाच उभी राहून भरतीचा फॉर्म भरत होती. भरून झाल्यावर रुग्णाची सही पाहिजे म्हणून तो माझ्यासमोर धरला. सवयीने मी सगळा वाचला. नाव, वय, पत्ता. सोबत आलेल्या व्यक्तीचं नाव — सरिता. रुग्णाशी नातं — पुतणी.

सरळ ओळ, गोल अक्षर, माझं वळण. त्या अवस्थेतसुद्धा माझी छाती अभिमानाने भरून आली. आमच्या घरचं अक्षर आहे ते, कुणीही सांगेल. तिने लिहिताना माझ्याकडे बघितलं नव्हतं, आणि मी सही करेपर्यंतही बघितलं नाही. आमच्या दोन घरांचं नातं खरं लिहिलेला आणि खाली माझी सही असलेला तो एकच कागद. आणखी एक कागद मी आजही लिहू शकतो — शपथेवर, समितीच्या नावाने. नमुना तोंडपाठ आहे. डोळेही चांगले आहेत माझे.

परवा आमच्या गल्लीतल्या एका पोरीची वंशावळ काढून दिली. कागद परत आला नाही. दवाखान्याचा फॉर्म दवाखान्यात राहिला, आणि पडताळणीच्या फाइलीत माझ्या आजोबांना अजून एकच मुलगा आहे.